लोखंडाच्या गावात देखणी गाडी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की भनपुरी आणि बिरगाव मागे पडेपर्यंत शहर संपल्यासारखे वाटतच नाही. दुकाने, गॅरेजे, टायरवाले आणि ढाबे यांची रांग चालूच असते. मग हळूहळू रस्त्यावरच्या वाहनांचा आकार बदलू लागतो. स्कूटर आणि मोटारी विरळ होतात, अठरा-बावीस चाकांचे ट्रेलर वाढतात. कुणावर लोखंडी सळ्या, कुणावर कोळसा, तर कुणावर तांबूस खनिज लादलेले. दूरवर धुराडी दिसू लागतात, रस्त्याकडेच्या झाडांची पाने काळपट होतात आणि पाटी वाचण्याआधीच कळते, सिलतरा आले!

अशा रस्त्यावर दोन दारांची, बुटकी, मागे उतरत्या छपराची एखादी गाडी दिसली, तर मान वळल्याशिवाय राहत नाही. शेजारच्या ट्रेलरच्या चाकापेक्षा ती थोडीच उंच. ढाब्यावरचा पोऱ्या हातातली किटली तशीच धरून तिच्याकडे बघतो. बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो तिच्या वेगाचा. दुसरा विचार जास्त व्यवहारी असतो. या धुळीत, या खड्ड्यांत, ही गाडी किती वर्षे टिकणार?

नवी गाडी शोरूममधून आणून चार वर्षांनी विकून टाकणे सोपे आहे. त्याला पैसा लागतो. पण वापरलेली, हौसेची गाडी घेऊन ती दहा-पंधरा वर्षे सांभाळणे हा वेगळाच संसार आहे. त्याला पैशांपेक्षा सवय लागते. आणि ही सवय सिलतऱ्याइतकी कसोटीला लावणारी गावे थोडीच असतील.

कूपे म्हणजे काय?

'कूपे' हा शब्द आपल्याकडे पूर्वी रेल्वेमुळे माहीत झाला. पहिल्या वर्गाच्या डब्यात दोन जणांसाठी जो बंद कप्पा असे, तो कूपे. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'कापलेला'. घोड्यांच्या बग्गीचा पुढचा भाग कापून केवळ दोघांपुरती बग्गी बनवली जाई, तिला हे नाव होते. पुढे मोटारी आल्या आणि दोन दारांच्या, बंद छपराच्या, आटोपशीर गाडीला तेच नाव चिकटले. म्हणजे कूपे ही मुळातच कमी माणसांची गाडी. मागे बाक असलाच तर तो लहान मुलांपुरता किंवा भाजीच्या पिशव्यांपुरता.

आपल्या देशात अशा गाड्या फार बनल्या नाहीत. गाडी म्हणजे घरातल्या पाच-सहा जणांना मावून घेणारी, असाच हिशेब इथे चालत आला. तरी प्रयत्न झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन कंपनीने 'स्टॉर्म' नावाची दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स गाडी आणली. तिचे अंग फायबरग्लासचे होते आणि इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डीसी डिझाइनने 'अवंती' दाखवली. बाकी हौशी मंडळींची भिस्त परदेशी कंपन्यांच्या गाड्यांवर. त्या नव्या घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, म्हणून वापरलेल्या घेतल्या जातात. किंमत निम्म्याच्याही खाली येते, पण एक गोष्ट खाली येत नाही. ती म्हणजे सुट्या भागांची किंमत.

जिथे लोखंड जन्माला येते

सिलतरा हे रायपूर जिल्ह्याच्या धरसींवा तालुक्यातले गाव. रायपूर-बिलासपूर लोहमार्गावरचे मांढर स्टेशन जवळच आहे. सांकरा, सोंडरा ही शेजारची गावे. भोवती भातशेती आणि मधोमध छत्तीसगडमधल्या मोठ्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक. इथला मुख्य माल म्हणजे स्पंज आयर्न आणि त्यापासून होणारे पोलाद.

स्पंज आयर्न तयार होते ते फिरत्या भट्टीत. आडव्या, किंचित कललेल्या लांबच लांब नळकांड्यात एका टोकाने लोहखनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट घालतात. आत तापमान हजार अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेत लोखंड वितळत नाही. कोळशापासून होणारा वायू खनिजातला प्राणवायू काढून घेतो आणि मागे उरते ते बारीक छिद्रांचे, स्पंजासारखे लोखंड. थंड झाल्यावर चुंबकाने ते राखेपासून वेगळे करतात. मग विजेच्या इंडक्शन भट्टीत भंगाराबरोबर ते वितळवले जाते, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळ्या बाहेर पडतात. आपल्या घराच्या स्लॅबमधली सळी कदाचित याच रस्त्याने आलेली असेल.

या मुलखाला लोखंड नवे नाही. अगरिया जमातीचे लोक पिढ्यान्पिढ्या मातीच्या छोट्या भट्ट्यांत भाते मारून लोखंड काढत आले. व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत सिलतरा, उरला या भागांतली धुराडी वाढत गेली.

रायपूरशी मराठी माणसाचे नाते तर त्याहून जुने. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख नागपूरला बांधलेला होता. त्या काळात आणि नंतर कितीतरी मराठी घरे इथे आली. शहराच्या जुन्या भागातला तात्यापारा आणि चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ ही नावे आजही रायपूरकर मराठी माणसाच्या तोंडी असतात.

अशा एखाद्या घरातला पस्तिशीचा इंजिनिअर डोळ्यांसमोर आणा. नोकरी सिलतऱ्याच्या रोलिंग मिलमध्ये, घर रायपुरात. लहानपणापासून भिंतीवर गाड्यांची चित्रे चिकटवलेली. आता हातात थोडे पैसे आहेत आणि त्याने वापरलेली कूपे घ्यायचे ठरवले आहे. आई विचारते, "अरे, मागच्या सीटवर मी शिरायचं कसं?" बायको म्हणते, "घ्या हो, पण शाळेची फी आधी." हे घर मनातले आहे. पण त्याच्यापुढचे प्रश्न मात्र अगदी खरे आहेत.

आधी कागद, मग रंग

वापरलेली हौसेची गाडी बहुधा दुसऱ्या राज्यातून येते. मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली या शहरांत अशा गाड्या जास्त. तिथे रंग पाहून माणूस भुलतो आणि कागद नंतर पाहू म्हणतो. क्रम उलटा हवा.

गाडी दुसऱ्या राज्यातून आणायची तर मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र लागते, म्हणजे फॉर्म २८. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर पूर्वी कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा कागद आणि फॉर्म ३५. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावाच लागतो आणि तिथला रस्ता-कर भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मिळवायचा तर वेगळा अर्ज. रायपूरचा 'सीजी ०४' नंबर गाडीवर लागेपर्यंतचा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरला, तरच सौदा स्वस्त पडला की महाग हे कळते.

विम्याचा हिशेबही समजून घेतलेला बरा. विमा कंपन्या गाडीची किंमत दरवर्षी उतरवतात. चौथ्या वर्षानंतर आणि पाचव्या वर्षाच्या आत ती निम्मी धरली जाते. पाच वर्षांनंतर मात्र ठरलेला तक्ता नसतो. मालक आणि कंपनी यांच्यात बोलून किंमत ठरते. दुर्मीळ गाडीच्या बाबतीत हा आकडा फार खाली धरला, तर एका अपघातात सगळी हौस पाण्यात. म्हणून हप्ता थोडा वाढला तरी आकडा योग्य लावून घ्यावा.

कागद झाले की मग गाडीकडे पाहायचे. दोन दारांच्या गाडीची दारे लांब आणि जड असतात, त्यामुळे बिजागऱ्या झिजून दार खाली बसते. दार उघडून किंचित वर उचलून पाहिले की हे लगेच कळते. टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हौसेची गाडी कमी चालते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबरी असेल तर तो कधी बदलला, याचे बिल मागावे. बिल नसेल तर बदललाच नाही असे समजून पुढे चालावे.

बॉनेटवरची रोजची नोंद

गाडी रायपुरात आली, दसऱ्याला झेंडूचा हार घालून झाला आणि ती सिलतऱ्याच्या वाटेला लागली की खरी परीक्षा सुरू होते. सकाळी आठला कारखान्याच्या आवारात लावलेली गाडी संध्याकाळी वेगळ्याच रंगाची दिसते. वर राखाडी-काळी साय धरलेली असते. छत्तीसगडीत धुळीला 'धुर्रा' म्हणतात. पण हा शेतातला धुर्रा नव्हे. त्यात कोळशाची राख असते, आणि लोखंडाचे कणही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. घरातले लोहचुंबक पातळ कागदात गुंडाळून झटकलेल्या धुळीवरून फिरवावे. कण कागदाला चिकटून केसांसारखे उभे राहिले, तर ते लोखंडाचे. मुलांना हा प्रयोग भारी आवडेल.

हे लोखंडी कण रंगाचे शत्रू. उन्हात पत्रा तापतो, कण वरच्या पारदर्शक थरात रुततात, दवाचे किंवा पावसाचे पाणी मिळाले की गंजतात. काही आठवड्यांत पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके उठतात. मालकाला वाटते, पत्राच गंजला. प्रत्यक्षात गंजलेले असतात ते बाहेरून आलेले कण. वेळीच काढले तर पत्रा वाचतो, दुर्लक्ष केले तर ठिपक्याखालचा रंग कमकुवत होत जातो.

आपल्याकडे गाडी पुसण्याची रीत म्हणजे कोरडे फडके मारणे. सिलतऱ्यात ही रीत सर्वांत घातक. कोरड्या फडक्याखाली हे कण काचपेपरसारखे फिरतात आणि रंगावर बारीक ओरखड्यांचे जाळे उठते. आधी भरपूर पाणी सोडावे, धूळ वाहू द्यावी, मग साबणाच्या पाण्याने मऊ कापड वरून खाली न्यावे. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची, एक फडके खळबळण्याची. रुतलेले कण काढण्यासाठी खास द्रावण मिळते. ते लोखंडाला लागले की जांभळे होऊन ओघळते. त्यानंतर मळलेल्या कणकेसारखी एक माती मिळते, ती ओल्या रंगावरून हलक्या हाताने फिरवली की उरलेले कण निघतात. सहा महिन्यांतून एकदा हे केले आणि वर मेणाचा थर दिला, तर रंग वर्षानुवर्षे टिकतो.

झाकण घालण्याचेही शास्त्र आहे. धुळकट गाडीवर कव्हर ओढले तर वाऱ्याने ते हलते आणि रंग घासला जातो. ओल्या गाडीवर घातले तर आत दमटपणा कोंडतो. म्हणजे कव्हर स्वच्छ, कोरड्या गाडीवरच. ते जमणार नसेल तर नुसती पत्र्याची शेड बरी.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जागा तर अधिक महत्त्वाच्या. दारांच्या तळाशी आणि पुढच्या काचेखाली पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. राख आणि पाणी मिळून तिथे चिखल बसतो, भोके बुजतात आणि दार आतून गंजू लागते. पावसाळ्यात एका तारेने ती मोकळी करावीत. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट न पाहता काढून पाहावा. दिवाळीपूर्वी गाडी उचलून खालून धुवून घ्यावी. चार महिन्यांचा चिखल तळाशी तसाच राहिला तर हिवाळाभर तो ओल धरून ठेवतो.

फायबरग्लासच्या गाडीला गंज चढत नाही, त्यामुळे 'स्टॉर्म'सारखी गाडी या गावात निश्चिंत राहील असे वाटेल. ते अर्धेच खरे. अंग गंजले नाही तरी खालची चौकट, नळ्या आणि नटबोल्ट लोखंडाचेच. शिवाय फायबरग्लासला तडा गेला तर ठोकून सरळ करता येत नाही. त्यासाठी राळ आणि काचेच्या तंतूंचे काम जाणणारा कारागीर शोधावा लागतो.

मिस्त्री आणि सुटे भाग

जुनी कूपे सांभाळणाऱ्याची खरी संपत्ती म्हणजे त्याचा मिस्त्री. कंपनीचे सर्व्हिस सेंटर दहा वर्षांपूर्वीच्या गाडीकडे फारशा प्रेमाने पाहत नाही. तिथे भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्यावर भर असतो. गल्लीतला जाणता मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगतो, पण त्याला नव्या गाडीतला संगणक वाचता येईलच असे नाही. दोघांचाही उपयोग ओळखून काम वाटून द्यावे लागते.

सुट्या भागांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीचे नाव वेगळे असले तरी इंजिन, ब्रेक किंवा गिअरबॉक्स पुष्कळदा दुसऱ्या साध्या गाडीतलेच असते. 'स्टॉर्म'चे रेनॉ इंजिन युरोपात क्लिओ या छोट्या गाडीत असे. ज्याला हे ठाऊक आहे, तो भाग नावाने न शोधता भागावरच्या क्रमांकाने शोधतो. उलट काचा, दिवे, दारांची रबरे आणि बंपर हे केवळ त्याच गाडीचे. ते मिळायला अवघड आणि महाग. म्हणून शहाणा मालक इंजिनापेक्षा काचेला जास्त जपतो. सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या चाकाखालून उडालेला एक खडा सहा महिन्यांचे शोधकाम लावू शकतो. ट्रेलरच्या मागे अंतर ठेवून चालणे हा इथे सुरक्षिततेचा नियम आहे आणि काटकसरीचाही.

त्याच रस्त्यावर रात्री दिवे न लावता कडेला उभे असलेले ट्रेलर ही आणखी मोठी भीती. बुटक्या गाडीतल्या माणसाची नजर आणि उभ्या ट्रेलरचा मागचा भाग जवळजवळ एकाच उंचीवर येतात. अंधार पडल्यावर या वाटेवर वेगाची हौस करू नये.

नागपूरची वाट

मग एवढे सगळे कशासाठी? उत्तर रायपूर-नागपूर रस्त्यावर मिळते. दुर्ग आणि राजनांदगाव मागे टाकले की कारखाने संपतात. देवरीनंतर महाराष्ट्राची झाडी सुरू होते. साकोलीपर्यंत नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा पट्टा रस्त्याला दोन्हीकडून बिलगतो. पहाटे निघाले तर इथे पोचेपर्यंत ऊन कोवळे असते. खाली बसलेली, रस्त्याला धरून चालणारी गाडी वळणावर अंग झुकू देत नाही. स्टीअरिंग हातात बोलते. शंभर किलोमीटरचा वेगही न गाठता वाटते की गाडी चालवतोय, नुसते बसून जात नाही. पुढे भंडारा, मग नागपूर. तीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा हा प्रवास. आई मात्र रेल्वेनेच येते आणि स्टेशनवर घ्यायला येणाऱ्या मुलाला बजावते, "सामान मावेल ना रे तुझ्या त्या गाडीत?"

दहा वर्षे एकच गाडी ठेवली की तिच्यात घरचा काळ साठत जातो. मुलगा मागच्या छोट्या बाकावर मावेनासा होतो, तेव्हा तो मोठा झाला हे कळते. हे सुख नव्या गाडीच्या वासात नसते.

जिथे गाडी परत लोखंड होते

आणि तरीही एक दिवस प्रश्न येतोच, ठेवायची की काढायची? आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ४०,००० रुपये झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते दुप्पट, म्हणजे १०,००० आणि ८०,००० रुपये करण्यात आले. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तिची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. म्हणजे विसाव्या आणि पन्नासाव्या वर्षांच्या मधला काळ हा मालकाच्या निष्ठेचा काळ. सरकार त्याला ती गाडी मोडायला सुचवत असते. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढून दाखला घेतला, तर नवी खासगी गाडी घेताना रस्ता-करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते.

मोडीत काढलेल्या गाडीचे काय होते, हे सिलतऱ्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आधी बॅटरी, तेल, एसीचा वायू आणि टायर काढतात. तांब्याच्या तारा वेगळ्या करतात, कारण तांबे मिसळले तर पोलादाची प्रत बिघडते. उरलेला सांगाडा दाबून त्याचा चौकोनी गठ्ठा करतात. असे भंगार इंडक्शन भट्टीत स्पंज आयर्नबरोबर पडते आणि काही वेळात ओळखू न येणारा पांढराशुभ्र रस होते. संध्याकाळी त्याच्या सळ्या निघतात. आपल्या इंजिनिअरच्या मिलमधून रोज बाहेर पडणाऱ्या सळ्यांत कुणाच्या तरी लाडक्या गाड्या असू शकतात.

हे पाहणाऱ्या माणसाला जुनी गाडी धुताना निराळे वाटणारच. लोखंड आपणहून गाडी राहत नाही. हवा आणि पाणी त्याला सतत खनिजाकडे परत ओढत असतात. भट्टीत कोळसा जाळून काढलेला प्राणवायू ते पुन्हा घेऊ पाहते, तोच गंज. गाडी गाडी राहते ती कुणीतरी दर रविवारी बादली घेऊन उभे राहते म्हणून.

गाडीला कव्हर आहे

पण बादलीतले काळे पाणी ओतताना आणखी एक विचार टाळता येत नाही. जी राख आठ तासांत बॉनेटवर साचते, ती फक्त बॉनेटवर साचत नाही. ती सांकरा-सोंडऱ्याच्या घरांच्या छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तळ्यांवर आणि भाताच्या लोंब्यांवर बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या यादीत, फुप्फुसात खोल शिरणाऱ्या अतिसूक्ष्म धुलिकणांच्या बाबतीत, रायपूर जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांमध्ये पहिल्या दहात होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूरचा समावेश झाला. धुराड्यांतली धूळ विजेच्या साहाय्याने पकडणारी यंत्रणा कारखान्यांना बसवावी लागते. ती रात्रीच्या वेळी बंद ठेवली जाते, ही या परिसरातल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे.

गाडीच्या इंजिनाला एअर फिल्टर असतो आणि तो काळा झाला की मालक लगेच बदलतो. शेतात निंदणी करणाऱ्या बाईला, कारखान्याच्या फाटकाशी चहा विकणाऱ्याला असा फिल्टर कुणी दिलेला नाही. देखण्या गाडीचा मालक सिलतऱ्यात एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर शिकतो. तो हवेचा हिशेब रोज फडक्यावर पाहतो. कोणत्या दिवशी धूळ जास्त होती, कोणत्या रात्रीनंतर काच अधिक काळी झाली, हे त्याला तोंडपाठ असते. मिलमध्ये काम करणारा तोच माणूस जर ही नोंद घेऊन साहेबांपुढे उभा राहिला, तर त्या गाडीने नागपूरच्या वाटेपेक्षा मोठे काम केले असे म्हणावे लागेल.

छत्तीसगडात श्रावणी अमावास्येला हरेली साजरी होते. शेतकरी नांगर, कुदळ, कोयते धुऊन त्यांची पूजा करतात. दारावर कडुलिंबाची डहाळी लावतात आणि गावचा लोहार घरोघरी फिरून चौकटीत लोखंडी खिळा ठोकतो. घरावर वाईट काही येऊ नये म्हणून. वापरलेले अवजार धुवून, पुसून, पुन्हा कामाला जुंपायचे, ही या मातीतली जुनी शिकवण.

त्या दिवशी सिलतऱ्याच्या एखाद्या अंगणात नांगराशेजारी एक बुटकी, दोन दारांची, बारा वर्षांची गाडी धुऊन उभी असली, तर ती तिथे परकी वाटणार नाही. पावसाने धुतलेली पाने एक दिवस हिरवी दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटवर बोट फिरवले की पुन्हा काळी रेघ उठेल, आणि घरातून कुणीतरी नळाखाली बादली लावील.